म्हातारीची तलवार

अबे, तू फक्त ऐक, मधात बोलू नको. दामिनी श्वास रोखून टेबलावर वाकली होती. समोर वीतभर उंचीची मातीची म्हातारी, तिच्या हातात तलवार. दामिनीनं बोटाच्या टोकानं ती तलवार ज्वारीच्या दाण्याएवढी वर उचलली, मागं सरकली अन् मोबाईलवर फोटो घेतला. मंग लाईट बंद. मोबाईलच्या कॅमेऱ्याजवळ बांधलेली टॉर्च लावली, अन् त्याच जागेवरून दुसरा फोटो. एकाहत्तर जोड्या झाल्या. राहिल्या पंचवीस.

तलवार म्हणजे काय, खराट्याची काडी. पण तिच्यावर रेडियम गुंडाळलं होतं, गाडीच्या मागं लावते ना, ते. अंधारात टॉर्चचा उजेड पडला का नुसती भडकते! तो अंधारातला फोटो धूसर करून, निळा रंग देऊन पयल्या फोटोवर बसवला, का तलवारीतून उजेड सांडल्यासारखा दिसते. एका सेकंदाले अशा बारा जोड्या. मधात म्हातारी केसभर जरी सरकली तं पिच्चरमधे गचका बसते.

गोष्ट काय, तं म्हातारी संत्र्याच्या बगिच्यातून वांदरं हाकलते. हसू नको! पुण्याच्या एका कॉलेजात ॲनिमेशन शिकाले जायाचं होतं तिले, अन् त्यासाठी हाच पिच्चर पाठवाचा होता. मुदत दसऱ्याच्या संध्याकाळी सहापर्यंत. अन् हा दसराच होता, सकाळचे अकरा.

सौंसरच्या बसस्टॅन्डजवळ तिच्या बाबांचं, प्रकाशभाऊचं, रेडियम कटिंगचं दुकान. पट्ट्या त्यांनीच कापून दिल्या होत्या. पण कायले पाहिजे, हे काही इचारलं नाई. महिनाभर त्या खोलीत डोकावलेही नाई. दारात कोणी इचारलं, पोरगी काय करून राहिली, तं म्हणत, "काहीतरी मोबाईलचं हाये." दामिनी आतून ऐके, अन् कडी लावून घे.

"दामिनी! सणाच्या दिवशी पारोशी बसशील का वं?" माय सैपाकघरातून वरडली. "पाणी थंडं होऊन राहिलं!"

"आली, आली!"

दारावर 'हात लावू नका' असा कागद चिटकवला होता, तो तिनं पुन्हा दाबून बसवला अन् आंघोळीले गेली. पंधरा मिनिटं, बस.

परत आली तं खोलीत उदबत्तीचा वास.

म्हातारीच्या कपाळावर ओलं कुंकू. तलवारीच्या पात्यावर कुंकू, हळद, वरून अक्षदा. पायाशी झेंडूचं फूल. तलवारीचा हात खाली लोंबलेला. अन् म्हातारीच्या दोन्ही अंगाले, ओळीनं, बाबांची मोठी कैची, कटर, पट्टी. दुकानातली.

प्रकाशभाऊ हातात आरतीचं ताट घेऊन उभे. केस ओले, अंगात धुतलेला सदरा.

"तू लिहिलं होतं ना हात लावू नका," ते म्हणाले. "म्हणून आंघोळ करूनच आत आलो. चप्पलही बाहेर काढली."

दामिनी वाकून तलवारीचा हात पाहू लागली.

"दरसाल दुकानातच करतो पूजा. पण तुही वस्तू इथून हलवाची नाई, हे मले समजते. म्हणून मंग माहीच हत्यारं इकडे आणली." त्यांनी टेबलाकडे पाह्यलं. "फूल ठेवता ठेवता हाताले जरासा धक्का लागला तिच्या. काही बिघडलं तं नाई ना, बाई?"

आता पाह्य. कुंकू पुसलं असतं, डाग राहिला तिथं नवं रेडियम गुंडाळलं असतं, हात अंदाजानं वर केला असता, तं पंचवीसच जोड्या होत्या. बारीकसा गचका बसला असता, पण चार वाजेपर्यंत पिच्चर पुण्यात. दामिनीनं ओला फडका उचललाही होता. बाबा तिच्या हाताकडेच पाहून राहिले होते.

तिनं फडका खिडकीत ठेवला. ताटाले हात लावून डोळ्याले लावला, वाकून बाबांच्या पाया पडली. मंग मोबाईल घेतला अन् तीन दिवसांचे फोटो, एकाहत्तरच्या एकाहत्तर जोड्या, बाजूले टाकल्या.

"बाबा, तुमची कैची अन् कटर संध्याकाळपर्यंत इथंच राहू द्या."

"राहू दे ना. दुकान तं बंदच हाये आज."

"अन् तुम्ही लाईटच्या बटनापाशी उभे राहा. मी म्हटलं का बंद, मी म्हटलं का चालू."

ताट खाली ठेवून प्रकाशभाऊ बटनापाशी गेले. दामिनीनं तलवार पार खाली केली, कुंकवासकट, अन् मोबाईलमधून पाह्यलं. कैची दिसत होती, कटर दिसत होतं.

"एक," ती म्हणाली. "बंद करा."

बाहेर साडेअकरा वाजले होते. शहाण्णव जोड्या, अन् सहा वाजता मुदत खतम. खरं सांग बे, तिच्या जागी तू काय केलं असतं?