राहिलेला उत्तररंग

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. कॅमेऱ्याच्या फिल्मचा रोल ज्यात यायचा ना, ती प्लास्टिकची. रोल कधीच संपला. माळव्यातल्या धारच्या अण्णांनी मला धुऊन पुसून माझ्यात बुक्का भरला, आणि माझ्या जन्माचं सार्थक झालं.

अण्णा कीर्तनकार. पूर्वरंग संपला की मध्यंतरात मी ओळीनं फिरायचे. आधी अण्णांच्या कपाळी, मग श्रोत्यांच्या कपाळी बुक्का लागायचा, आणि मग उत्तररंगाची कथा सुरू व्हायची. नामात रंगलेल्या माणसांची कपाळं किती ऊबदार असतात, ते मला विचारा.

पुढे काचबिंदूनं अण्णांची नजर अधू केली. शेवटच्या कीर्तनात बुक्का लावून झाला आणि चपला सरकल्याचे आवाज येत राहिले. समोर किती जण उरले, ते अण्णांना दिसेना. त्यांनी विचारलंही नाही. चिपळ्या झोळीत ठेवल्या, शेजारी मला. उत्तररंग राहूनच गेला.

त्यांची नात स्वानंदी देवासला राहते. ती आणि शेजारचा विहंग कागदाच्या नळीची रॉकेटं उडवतात. अण्णा तिकडे गेले की झोळीही सोबत असायची. मैदानावर स्वानंदी विचारायची, "अण्णा, दिसलं?"

"दिसलं हो. छान गेलं," अण्णा म्हणायचे, आणि तोंड भलतीकडेच असायचं.

एकदा रॉकेट पेटलंच नाही. तरी अण्णा म्हणाले, "छान गेलं." त्या दिवशी स्वानंदी अण्णांचा हात धरून घरी आली.

मग तिनं ठरवलं, रॉकेटनं वर जाऊन रंगाचा असा ढग सोडायचा, की तो अण्णांनाही दिसावा. कोणता रंग भरू, असं अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, अबीर भर. पोर हिंदी शाळेतली. दुकानात जाऊन तिकडे ज्याला अबीर म्हणतात तोच घेऊन आली. उन्हात गुलाबी धूर कुठल्या कुठे विरला. अण्णांची नजर आभाळात चाचपडत राहिली.

"अरे अण्णा, पूरा अबीर उडवला ना आम्ही, गुलाबी-गुलाबी," विहंग म्हणाला.

अण्णा खळखळून हसले. "अगं, तो गुलाल. आपला अबीर काळा असतो. बुक्का." आणि त्यांनी झोळीत हात घातला.

स्वानंदीनं माझं झाकण दोऱ्यानं रॉकेटच्या टोकाला बांधलं आणि मला नळीला. वर गेल्यावर टोक सुटणार, झाकण ओढलं जाणार, बुक्का सांडणार. विहंगनं मला तळहातावर तोललं आणि माळवी ढंगात म्हणाला, "चलेगा भिया, हलकी आहे."

मित्रांनो, आयुष्यभर मी कपाळाइतकीच वर गेले होते. त्या दुपारी आभाळात गेले. झाकण सुटलं. पांढऱ्या उन्हात काळा ढग पसरला, आणि खाली अण्णांचं तोंड थेट माझ्याकडे वळलेलं होतं.

ते छान गेलं म्हणाले नाहीत. म्हणाले, "डावीकडे सरकतोय." मग हात जोडून उभे राहिले. हळूच म्हणाले, "आभाळाला बुक्का लागला. आता उत्तररंग राहिलाय. कोणी आहे का?"

स्वानंदी मातीतच बसली. विहंगला ओढून बसवलं. "आम्ही दोघं आहोत, अण्णा. कोणी उठत नाही."

आता अण्णा धारला असतात आणि मी देवासला, स्वानंदीच्या टेबलावर, रिकामी. बुक्क्याचा वास मात्र अजून आहे. एखादं ऊबदार कपाळ आठवतं, आणि झाकण उगाच सैल वाटतं.

मला जपा असं मी म्हणत नाही. प्लास्टिकची जात, टिकेन. पण तुमच्या घरात कुणाचा उत्तररंग राहिला असेल, तर चपला घालण्याआधी जरा थांबा. आणि आपण आहोत, एवढं त्यांना ऐकू जाईल असं सांगा.