तीन डब्यांपुरता फलाट

मी एक जुना फलाट आहे, मित्रांनो. जमिनीखालचा, भुयारी रेल्वेचा. वयाने म्हणाल तर मी फारसा जुना नाही. माझ्याबरोबर जन्मलेले या मार्गावरचे बाकीचे फलाट अजून ऐन उमेदीत आहेत. त्यांच्या फरशा रोज पुसल्या जातात. मी कामातून गेलो, म्हणून जुना झालो. माणसांच्या बाबतीतही असंच होतं, असं ऐकून आहे.

माझी गोष्ट गोड नाही. तरी ऐका.

टेकडीच्या पोटात, कठीण काळ्या दगडात माझा जन्म झाला. वर दाट वस्ती होती. शिंपी, इस्पितळातले कामगार, कचेऱ्या झाडणाऱ्या बायका अशी पहाटे घर सोडणारी माणसं तिथे राहत. त्यांना शहरात न्यायला एक बस होती, आणि ती यायची तेव्हाच भरून यायची. म्हणून ठरलं की भुयारी रेल्वे या वस्तीखालून न्यायची आणि इथे एक थांबा द्यायचा.

इतर फलाट मऊ जमिनीत होते. ते भराभर खणून झाले. माझ्या दगडावर मात्र यंत्रांचे दात बोथट व्हायचे. कामगार वैतागायचे, मुकादम कपाळाला हात लावायचा. पण डोक्यावर पिवळं हेल्मेट आणि पायात चिखलाचे बूट घालून एक बाई रोज खड्ड्यात उतरायच्या आणि नेटाने काम पुढे न्यायच्या. त्या रेल्वेच्या आराखडे विभागात होत्या. सगळे त्यांना ‘आराखडेबाई’ म्हणत. आज नव्हे, तर वीस वर्षांनी या मार्गावर किती माणसं येतील, त्यांना किती डब्यांची गाडी लागेल आणि ती किती वेगाने धावावी, हे ठरवणं त्यांचं काम होतं. त्यांनी सहा डबे ठरवले होते. म्हणून प्रत्येक फलाट सहा डब्यांच्या लांबीचा व्हायचा होता. मीसुद्धा.

आराखडेबाई याच वस्तीत लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. त्यांची आई अजून वरच्या गल्लीत शिवणकाम करायची. सारी गल्ली तिला मावशी म्हणायची. कधीकधी ती खड्ड्याच्या कठड्याशी येऊन खाली ओरडायची, “अगं, जेवलीस का? की दगडच खातेयस?”

“खाईन गं! तू कडेला नको उभी राहूस!”

“गाडी दारात येणार म्हणतेस. पण तोवर मी असेन ना?”

“असशील. बसायला जागापण मिळेल तुला.”

मी अर्धा खणून झालो होतो, तेव्हा एक दिवस मोठे साहेब खड्ड्यात उतरले. सगळी रेल्वे त्यांच्या हाताखाली होती. त्यांनी समोरच्या दगडाकडे पाहिलं आणि मुकादमाला म्हणाले, “बास. इथेच थांबा.”

आराखडेबाई पुढे झाल्या. “साहेब, इथे कसं थांबणार? हा अर्धाच झालाय. तीनच डबे मावतील.”

“मग तीन डब्यांची गाडी चालवा. सुरुवातीला कोण एवढं येणार आहे?”

“पण मग सगळ्या मार्गावरच तीन डबे चालवावे लागतील. बाकीचे फलाट लांब असून उपयोग काय? सहा डब्यांची गाडी इथे फलाटाला पुरती लागणारच नाही.”

“नंतर वाढवू की.”

“नंतर वर माणसं राहत असतील आणि खाली गाड्या धावत असतील. मग सुरुंग कधी लावणार? निदान नुसती पोकळी तरी आता खणून ठेवू या. फरशी, दिवे नंतर घालू.”

साहेब हसले. “बाई, रिकाम्या पोकळीची फीत कुणी कापत नाही. उद्घाटनाची तारीख जाहीर झालीय. आता दोनच गोष्टी शक्य आहेत. इथे तीन डब्यांचा थांबा, नाहीतर थांबाच नाही; गाडी सरळ पुढे. बोला, काय करू?”

आराखडेबाईंनी वर पाहिलं. कठड्यापाशी त्या वेळी कुणीच नव्हतं.

“तीन तर तीन,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मुकादमाला पुन्हा विचारावं लागलं.

असा मी अर्धवट जन्मलो. माझ्या टोकाला भिंत बांधली, पांढऱ्या फरशा लावल्या, आणि माझ्यात काही उणं आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

उद्घाटनाला हार, भाषणं, वाजंत्री सारं काही झालं. मावशी माझ्या बाकावर ऐटीत बसली होती. ओळखीच्या आणि बिनओळखीच्या, सगळ्यांना सांगत होती, “माझ्या लेकीनं आणलीय ही गाडी.” पुढची काही वर्षं फार सुखाची गेली. इस्पितळाच्या गणवेशांचं गाठोडं घेऊन मावशी गाडीत बसून जायची आणि बसून यायची. पहाटे निघणारी माणसं सूर्य उगवल्यावर निघू लागली. मुलं जागी असताना आईबाप घरी येऊ लागले. मला वाटायचं, मी लहान असेन, पण कामाचा आहे.

पण गाडी आली तशी माणसंही आली. जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. माझे जिने भरू लागले. तीन डबे पुरेनात.

डबे वाढवता येत नव्हते, म्हणून साहेबांनी गाड्या वाढवल्या. एकीच्या पाठीला दुसरी. तरी पुरेना. मग त्यांनी हुकूम काढला की भुयारात वेग वाढवा. चालकांनी वेग वाढवला. पण व्हायचं काय, की आधीची गाडी माझ्यापाशी अजून उभीच असायची. कुणाची पिशवी दारात, कुणाचं मूल बाहेर. दारं लागायची नाहीत. धावत आलेली मागची गाडी अंधारात मुकाट्याने ताटकळायची.

आराखडेबाई कित्येकदा सकाळी येऊन माझ्या कोपऱ्यात उभ्या राहायच्या आणि हे पाहायच्या. एकदा मावशीने विचारलं, “गाड्या एवढ्या जोरात पळवता, मग उशीर का होतो गं?”

“आई, गाडी किती जोरात येते याला महत्त्व नाही. ती थांब्यावरून किती लवकर निघते, यावर सगळं आहे.”

“म्हणजे पाहुण्यासारखंच,” मावशी म्हणाली. “कसा आला ते कोण बघतं? उठतो कधी ते बघायचं.”

आराखडेबाई त्या दिवशी खळखळून हसल्या. त्यानंतर मी त्यांना हसताना पाहिलं नाही.

मग गर्दी मावावी म्हणून डब्यांतली अर्धी बाकं काढून टाकली. मावशी गाठोडं छातीशी धरून उभी राहू लागली. लेकीला एका शब्दाने बोलली नाही. लांबच्या स्थानकांवरची माणसं मात्र मला बोलू लागली. “त्या बुटक्यामुळे आपण असे कोंबले जातो,” असं म्हणत आणि जाता जाता माझ्यावर थुंकत. बुटका हेच माझं नाव पडलं. मित्रांनो, मला कुणी आखूड कापलं, हे एकानेही विचारलं नाही.

आणि मग ती सकाळ आली. पुढे कुठेतरी एक गाडी बिघडली होती. ज्या येत होत्या त्या आधीच गच्च भरलेल्या. माझ्यावरची माणसं चढू शकत नव्हती आणि जिन्यावरून माणसं उतरतच होती. वर कुणाला खालचं दिसत नव्हतं. मागून एक रेटा आला. शेवटच्या पायरीवर मावशी होती.

ती पडली. गाठोडं सुटलं आणि गणवेशांवरून पाय गेले. जीव कुणाचा गेला नाही, पण मावशीचा खुबा मोडला. ती विव्हळत होती, तरी म्हणत होती, “कपडे उचला रे, शिवून झालेत ते.”

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला आले. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. आराखडेबाईंचे डोळे सुजले होते, पण आवाज पक्का होता.

“साहेब, मी किती वर्षं सांगतेय. आता तरी लांबी द्या. मार्ग टप्प्याटप्प्याने बंद ठेवू, पण दगड फोडू. आणि तोवर गाड्या सहा डब्यांच्या करा. इथे पुढच्या तीन डब्यांचीच दारं उघडू, मागचे भुयारात उभे राहतील.”

“म्हणजे इथे माणसं डब्याडब्यातून पुढे येणार आणि गाडी आणखी रेंगाळणार.”

“थोडी रेंगाळेल. पण कुणी चेंगरणार नाही.”

साहेबांनी जिन्याकडे एक नजर टाकली. मग म्हणाले, “तुमचं म्हणणं, हा थांबा धोक्याचा आहे. बरोबर?”

“हो.”

“याच्यामुळे सगळा मार्ग अडकलाय. हेही बरोबर?”

“हो, पण...”

“मग इथे थांबायचंच कशाला?”

साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

“गाड्या सहा डब्यांच्या होतील, वेग वाढेल, गर्दी विभागेल. तुमचा सगळा हिशेब बरोबर आहे, बाई. मी फक्त पुढची ओळ लिहितोय.”

“साहेब, वस्तीचं काय?”

“टेकडीपलीकडे पुढचा थांबा आहे. चालतील. तब्येतीला चांगलं असतं.”

जिन्यावर सूचना लागली: आराखडे विभागाच्या सल्ल्यानुसार हा थांबा बंद करण्यात येत आहे. झालं! वस्तीला बोट दाखवायला माणूस मिळाला. मावशीच्या तोंडावर लोक म्हणू लागले, “तुमच्याच लेकीनं आणली, आणि तुमच्याच लेकीनं नेली.”

शेवटच्या संध्याकाळी मावशी काठी टेकत, लेकीच्या खांद्याचा आधार घेत खाली आली. पायरीगणिक दम खात आली.

“माझं एक हाड मोडलं, म्हणून अख्ख्या गल्लीचे पाय तोडलेस होय गं?”

“आई, मी लांबी मागितली होती.”

“ठाऊक आहे मला. पण ते गल्लीला कोण सांगणार? तू सांगितलंस तरी कोण ऐकणार?”

आराखडेबाई माझ्या टोकाच्या भिंतीकडे बघत होत्या. “मी तेव्हाच अडून बसायला हवं होतं.”

“मग इतकी वर्षंही मिळाली नसती,” मावशी म्हणाली. थोड्या वेळाने पुटपुटली, “नाहीतर पुरता फलाट मिळाला असता. आता कोण सांगणार?”

शेवटची गाडी आली. चालकाने मावशीला पाहिलं आणि दारं उघडी ठेवली.

“चल आई, एक फेरी मारून येऊ.”

“नको. हिच्यात बसले तर परत इथे उतरता यायचं नाही.”

गाडी बराच वेळ थांबली. त्या दिवशी आतल्या कुणीही कुरकुर केली नाही. मग दारं लागली.

आता माझे जिने विटांनी बुजवले आहेत. थोडे दिवे तेवढे जळतात. सहा डब्यांच्या गाड्या माझ्या अंगाला वारा घालत निघून जातात. खोटं कशाला बोलू? त्या मोकळ्या धावतात आणि वेळेवर पोचतात. या वेगासाठी मोठ्या साहेबांचा मोठा सत्कार झाला. आराखडेबाईंनाही बोलावलं होतं. त्या गेल्या नाहीत, असं पाहणीला आलेले कामगार बोलत होते. वस्तीतली माणसं पुन्हा अंधारात घर सोडतात आणि टेकडी चढतात. ज्यांना चढवत नाही, ती बसची वाट पाहतात. मावशी हल्ली घरातच असते म्हणे. गणवेशांचं काम दुसऱ्या कुणाला मिळालं.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणाच्या तरी हाती उद्या शहराचा नकाशा येईल. त्यावर रेघ ओढताना आज रांगेत उभी असलेली माणसं तुम्ही मोजालच. जी अजून यायची आहेत, त्यांनाही मोजा. आणि जागा कमी पडली, तर तिथली माणसं वगळून हिशेब जुळवू नका. तसा तो नेहमीच जुळतो.

भुयारातून जाताना तुमच्या खिडकीबाहेर क्षणभर पांढऱ्या फरशा चमकून जातील. शेजारचं कुणी म्हणेल, काही नाही, नुसती भिंत आहे. त्यांना सांगा, ती भिंत नाही. तिथे वर लोक राहतात.