सायकलचं दावं

येसाजीनं आयुष्यात चार बैल विकले, पण एकाचंही दावं कुणाला दिलं नाही. बैल विकावा, कपाळाला कुंकू लावून, तोंडात घास देऊन विकावा, पण ज्या दोरीनं तो बांधलेला असतो ती मात्र घरातच ठेवावी. घेणाऱ्यानं आपली दोरी आपण आणावी. जुनं दावं खुंटीवर राहिलं की गोठा फार दिवस रिकामा राहत नाही, अशी पोलादपूरच्या डोंगरातल्या त्या वाडीची समजूत होती. शेवटचा बैल पाखऱ्या जाऊन तीन वर्षं झाली. त्याचं दावं अजून खुंटीवर होतं आणि गोठ्यात दुसरा बैल काही आला नव्हता, पण येसाजी दाव्याशी असल्या गोष्टींवरून वाद घालत नसे.

बैलाच्या जागी आता समीक्षाची सायकल उभी असायची. समीक्षा ही त्याची धाकटी लेक, महाडच्या कॉलेजात जाणारी. सायकल मुंबईच्या मामानं दिलेली, शर्यतीची, एका हातानं उचलावी इतकी हलकी. दोन वर्षं पोरीनं ती अशी दामटली की कशेडीच्या घाटात ट्रकवाले तिला ओळखून हॉर्न द्यायचे. उतारावरून येताना ती एकटीच हसायची. ते हसू अंगणात आधी पोचायचं आणि सायकल मागून.

मग गेल्या वर्षी त्याच घाटात खडीवरून चाक घसरलं आणि खांद्याचं हाड मोडलं. हाड सांधलं. डॉक्टरांनी खुशाल चालव म्हणून सांगितलं. पण पोर सायकलवर बसेना ती बसेनाच. येसाजी काही विचारायला गेला की ती पुस्तक उघडायची.

आणि एक दिवस तिनं फोनवरून सायकल विकून टाकली. जतच्या निशिगंधा नावाच्या मुलीनं घेतली. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी तिची पहिली शर्यत होती, म्हणून कुरियरनं लवकर पाठवा म्हणाली.

शनिवारी बापलेकीनं सायकल खोक्यात भरली. खोकं महाडच्या सायकलच्या दुकानातून आणलेलं. समीक्षानं हँडल फिरवून घेतलं, पेडलं काढली. येसाजी मदतीला लागला तर म्हणाली, "डावं पेडल उलटं सुटतं, आबा. जोर नका लावू." पुढचं चाक काढताना तिनं वीतभर लांबीचा एक चकचकीत दांडा ओढून काढला.

"ह्यो कशाचा गो?"

"चाक बांधून ठेवतो तो सायकलीला," असं म्हणून ती चिकटपट्टी आणायला आत गेली.

बांधून ठेवतो. येसाजीनं एवढंच ऐकलं. बारीक सामानाची पिशवी बांधायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं पेडलं घातली, स्क्रू घातले, पिशवीला गाठ मारली आणि दांडा हळूच बंडीच्या खिशात टाकला. सायकल गेली तर जाऊ दे. पण पोरीचं ते उतारावरचं हसू घरातून जाऊ नये, एवढंच त्याला पाहिजे होतं. खोक्यात रिकाम्या जागी त्यानं पेंढा कोंबला, वर कुंकवाचं बोट लावलं. समीक्षानं खोक्याला चिकटपट्टी लावली. संध्याकाळी खोकं पोलादपूरला कुरियरच्या कचेरीत पोचलं, आणि दांडा पाखऱ्याच्या दाव्याशेजारी खुंटीवर.

पुढचे चार दिवस येसाजी घरात असून नसल्यासारखा होता. खोकं कुठं पोचलं ते समीक्षाच्या फोनवर यायचं. महाड. पनवेल. पुणे. येसाजी पनवेलच्या पुढं कधी गेला नव्हता, पण दुपारी भात झोडून खळ्यात जरा डोळा लागला की तो खोक्याबरोबर निघायचा. खोकं कधीच गळून पडलेलं असायचं. सायकल एकटीच चाललेली, वर कुणी नाही, दोन्ही बाजूंना पिकलेली भातं. ऊन पेंढ्याच्या रंगाचं. मध्येच ती थांबायची आणि मान वळवून मागं बघायची, पाखऱ्या बघायचा तशी. येसाजी हाक मारायला तोंड उघडायचा आणि जागा व्हायचा. अंगावर कोंडा पडलेला असायचा आणि कितीतरी वेळ त्याला आपण कुठं आहोत ते कळायचं नाही.

गुरुवारी सकाळी आठला निशिगंधाचा फोन आला. समीक्षानं अंगणात उभं राहून तो स्पीकरवर घेतला.

"ताई, बाकी सगळं आलं. पुढच्या चाकाचा अॅक्सल, तो दांडा, नाहीये. या मापाचा सांगलीतसुद्धा मिळत नाही. रविवारी मी काय करू?"

"मी स्वतः काढून ठेवलाय. नीट बघ ना."

"तीनदा बघितलं, ताई. सगळा पेंढा उपसला." पोर रडकुंडीला आली होती.

येसाजी पायरीवर बसून ऐकत होता. तो उठला, गोठ्यात गेला आणि दांडा आणून लेकीच्या हातावर ठेवला. समीक्षानं दांड्याकडं बघितलं, मग गोठ्याच्या उघड्या दारातून खुंटीकडं. ती याच वाडीत वाढलेली. तिला सांगावं लागलं नाही.

"आबा, सायकल काय बैल हाय?"

"चाक बांधतो म्हनालीस ना तू."

"पन ठेवलात कशाला?"

"तू परत बसावीस म्हणून गो," येसाजी म्हणाला. "दुसरं काय नाय."

समीक्षानं दांडा मुठीत घट्ट धरला. मग फोनवर म्हणाली, "आज पाठवते. शनिवारी मिळेल."

कुरियरची गाडी पोलादपूरहून साडेनवाला निघायची. सातची एसटी गेलेली, पुढची अकराला. वाडीतल्या दोन्ही मोटारसायकली सकाळीच बाहेर पडलेल्या. "मी जातो चालत," येसाजी म्हणाला. पण रस्ता बारा किलोमीटरचा होता.

तेवढ्यात शेजारचा धोंडू दुधाच्या किटल्या रिकाम्या करून परत आला. त्याची काळी, जुनी, लोखंडी सायकल. समीक्षानं किटल्या उतरवून त्याच्या हातात दिल्या, दांडा ओढणीत गुंडाळून कमरेला बांधला आणि हँडल धरून उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. एक हात खांद्याच्या त्या हाडावर गेला.

"ऱ्हाऊ दे गो," येसाजी म्हणाला.

ती बसली आणि गेली.

येसाजी खळ्याच्या कडेला धावला. खाली सावित्री नदीवर धुकं अजून बसून होतं. पहिल्या वळणावर ती दिसली, आखडलेली, अंग चोरून बसलेली. दुसऱ्या वळणावर जरा सैल. मग धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली.

"मागचा ब्रेक लागत नाय माझा," धोंडू मागून म्हणाला. "सांगायचं ऱ्हायलंच."

येसाजी कान देऊन उभा राहिला. खालून, कुठल्या वळणावरून कोण जाणे, धुक्यातून हसू आलं. नीट ऐकू येईपर्यंत विरलंही. धोंडूनं ते ऐकलं की नाही, हे येसाजीनं विचारलं नाही. नाही म्हणाला असता तर?

समीक्षा दुपारी परतली. चढाला सायकल ढकलत आणलेली, तोंड लालबुंद. तिनं कुरियरची पावती त्याच्या हातात दिली.

"धोंडूकाकांना सांगा, ब्रेक मी करून देते. तवर चार दिस सायकल हितंच ऱ्हाऊ दे. सकाळी दूध मीच घालीन."

येसाजीनं पावती खुंटीला अडकवली. मग धोंडूची सायकल गोठ्यात नेली, पाखऱ्याच्या जागेवर उभी केली, आणि दावं काढून तिला बांधलं.