गाडीचं दावं

नानाजींनी उभ्या आयुष्यात कितीतरी बैल विकले, पण बैलासोबत दावं कधी दिलं नाही. दावं गेलं की घरची बरकत त्याच्यामागे जाते, असं त्यांच्याकडे पक्कं मानतात. म्हणून घाटंजीच्या इंद्रजितला मोटारसायकल विकली तेव्हा त्यांनी गाडीला हळदकुंकू लावलं, किल्ली हातात ठेवली आणि आरसी बुक मात्र देवघरात ठेवून दिलं. गाडी विकली की आरटीओला कळवावं लागतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग दंडाच्या मेसेजांनी नानाजींचा मोबाइल वाजायला लागला. कधी हेल्मेट नाही, कधी ट्रिपल सीट. नानाजींनी काणाडोळा केला. पण लोकअदालतीची नोटीस थेट घरी आली तेव्हा मात्र ते हबकले. ते गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष; अध्यक्षच कोर्टाच्या पायऱ्या चढला, तर गावात त्यांचं ऐकणार कोण?

"देऊन टाका ते बुक त्या पोट्ट्याले," त्यांची बायको पंचफुला म्हणाली.

"आन् बरकत?"

"बुक घरातच हाय ना? आली काय बरकत? नोटीस आली."

नानाजींनी देवघर उघडलं. बुक खिशात घालून ते तणतणत घाटंजीला गेले.

"काहून रे, बुक काहून नाही मांगितलं?"

इंद्रजित खाली मान घालून म्हणाला, "दावं कोणी मांगते काय, नानाजी? आमच्या बुढ्यानं बजावलं होतं, मांगू नको म्हणून."

नानाजींचा राग तिथंच विरघळला. आपल्याच वळणाचं पोरगं, त्याला काय बोलायचं? दोघं मिळून यवतमाळच्या आरटीओत गेले. दंड इंद्रजितनं मुकाट भरला. नानाजींनी सही केली. गाडी खरी आत्ता गेली, असं वाटून त्यांना वाईट वाटलं.

गाडी नावावर झाली त्या दिवशी इंद्रजित पेढे घेऊन आला आणि नानाजींना मागं बसवून बाजाराला निघाला. या खेपेला दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट होतं. फाट्यावर पोलिसानं हात केला.

"गाडी कोणाची?"

'माही' हा शब्द नानाजींच्या अगदी ओठांवर आला होता. तो त्यांनी गिळला, इंद्रजितच्या खांद्यावर हात ठेवला आणि छाती काढून म्हणाले, "याची हाय, साहेब. म्या इकली. सरकारले सांगून इकली."