कांद्याच्या दोन चिंध्या

"नीट घ्या की वास. नुसती नाकाला टेकवू नका," असं म्हणत सवितानं ओली चिंधी पुन्हा भिमाजीच्या नाकाखाली धरली.

भिमाजीनं डोळे मिटले, छाती फुगवून श्वास ओढला. "कांदा," तो म्हणाला.

"आन् ही?"

"ही पन कांदाच."

सविताचं पेन वहीवर तसंच थांबलं. रात्रभर चिरलेल्या कांद्याबरोबर डब्यात ठेवलेल्या कापडाच्या दोन चिंध्या. एकीवर लिंबाचा रस, दुसरीवर चुन्याची निवळी, मग दोन्ही साध्या पाण्यात खंगाळायच्या. लिंबाच्या चिंधीला कांद्याचा वास राहतो, चुन्याच्या चिंधीचा जातो. आम्ल कुठलं आणि आम्लारी कुठलं हे नाकानं ओळखायचं, असं पुस्तक सांगत होतं. आणि नेमकी तिला तीन दिवस सर्दी. नाक असं चोंदलेलं की कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी आलं, वास मात्र आला नाही. म्हणून आज नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी नवऱ्याचं नाक.

सविता एक्केचाळीस वर्षांची. आईच्या आजारपणात नववीतून शाळा सुटली ती सुटलीच. यंदा तिनं बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. कशाला, म्हणून कुसगावात ज्यानं त्यानं विचारलं. तिचं उत्तर ठरलेलं असे, "शाळा सुटली तवा मला कुनी इचारलं न्हाई. आता मी कुनाला इचारत न्हाई." गणित तिनं रेटलं, इतिहास पाठ केला. विज्ञानाला मात्र प्रयोगांची वही लागत होती, आणि प्रयोगशाळा म्हणजे घरातला ओटा.

तेव्हापासून भिमाजीच्या घराला घरपण राहिलं नव्हतं. देव्हाऱ्यावरच्या दोरीला हळदीत बुडवलेले कागद वाळत असत. खायचा सोडा भज्यांना सोडून सगळ्याला लागे. बाटलीच्या तोंडाला लावलेला फुगा एकदा हरिपाठ चालू असताना फुटला. परवा तर पाणी म्हणून त्यानं निवळीचा पेला उचलला, तो तोंडाला लागायच्या आत तिनं हिसकावला आणि वर त्यालाच विचारलं की डोळे कुठं ठेवले होते. फॉर्म भरला त्या दिवशी तो हसला होता. "आता काय मास्तरीन हुनार व्हय?" असंही म्हणाला होता. ते तिच्या लक्षात होतं, आणि ते तिच्या लक्षात आहे हे त्याच्याही लक्षात होतं.

पण आजची गोष्ट वेगळी होती. आज खरं बोलायचं तर भिमाजीला कुठल्याच चिंधीचा वास येत नव्हता.

करोनात, तोंडाला फडकं बांधून फिरायच्या दिवसांत त्याला ताप आला होता. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. येईल हळूहळू, म्हणून तो थांबला. मग थांबल्याचं कुणाला सांगायची वेळ निघून गेली. लोणावळ्यात बाजारामागच्या चिक्कीच्या कारखान्यात तो चोवीस वर्षं पाकावर होता. गूळ कढईत कधी टाकायचा आणि पाक कधी उतरवायचा, हे त्यानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. नाक गेलं हे कळलं असतं तर गंगाधरशेठनी त्याला कढईजवळ उभं केलं नसतं.

सवितानं दुसऱ्यांदा चिंध्या भिजवल्या. निवळी जास्त घातली. भिमाजीनं या वेळी जरा विचार केल्यासारखं दाखवलं आणि लिंबाच्या चिंधीला वास नाही, असं सांगून टाकलं. तिनं पुस्तक पाहिलं. उलटं होतं. तिसऱ्या खेपेला तिनं चुना नवा कालवला, निवळायची वाट पाहिली, चिंध्या मोजून दहा वेळा खंगाळल्या. बुवा कीर्तनात एकच चरण घोळून घोळून श्रोत्यांच्या गळी उतरवतात, तशी ती त्या चिंध्यांच्या मागे लागली होती.

"दोन्हीला कांदा," भिमाजी वैतागून म्हणाला. "सोड की आता. दुसरा परयोग लिव."

तिनं वही मिटली. आवाज न करता मिटली, हे त्याला जास्त लागलं.

"माझ्या हातानं व्हनार न्हाई हे," ती म्हणाली. "फॉर्म भरला तवा तुमी हसला व्हता. बरोबर हसला व्हता."

तिनं वही उचलून फळीवरच्या रद्दीवर टाकली आणि भांडी घासायला घेतली. भिमाजी पाटावर बसून राहिला. समोर दोन चिंध्या, एकसारख्या ओल्या. तिनं केलं होतं ते सगळं बरोबर होतं. चूक फक्त त्याच्या तोंडावर होती, दोन भोकांची.

"सविता," तो म्हणाला, "चिंध्या बरुबर हायती. माजं नाक गेलंय."

तिला ती थट्टा वाटली. तिनं ओल्या हातांनीच त्याला डोळे मिटायला लावले, फळीवरची एक डबी उघडून नाकाशी धरली आणि काय आहे म्हणून विचारलं. भिमाजीनं अंदाज बांधला. देव्हाऱ्याची फळी जवळ होती.

"कापूर."

त्यानं डोळे उघडले तेव्हा तिच्या हातात हिंगाची डबी होती.

कधीपासून, ते त्यानं सांगितलं. ती बराच वेळ डबीचं झाकण लावत राहिली. ते नीट बसत नव्हतं.

"म्हंजी इतकी वर्सं माझ्या आमटीला वास झकास आलाय म्हनत व्हता, ते?"

"चव लागती की. गोड, तिखट कळतं."

"मी वासाचं इचारतीया."

मग तिनं पाकाचं विचारलं. त्यानं सांगितलं की पाक तो कानानं ओळखतो. थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी झाली की ती स्टीलच्या ताटलीत टाकायची. कच्ची असेल तर थप्प करते. पक्की झाली की टाळासारखी वाजते. इतकी वर्षं देवळात कीर्तनाला टाळ वाजवला, तेवढा कान आहे.

"आन् करपायला लागला तर?"

ते मात्र कानाला कळत नव्हतं. करपलेलीही टण्णच वाजते. गेल्या महिन्यात दोन कढया कडू निघाल्या होत्या. जाळ मोठा ठेवला म्हणून शेठनी भट्टीवरच्या भिकाजीला सगळ्यांसमोर बोल लावले होते, आणि भिमाजी तिथंच झारा पुसत उभा होता.

"भिकाजीला ठावं हाय?"

"न्हाई."

सवितानं रद्दीवरची वही काढली, पदरानं पुसली आणि तो प्रयोग अर्धाच लिहून निरीक्षणाची जागा कोरी ठेवली. दोन दिवसांनी सर्दी उतरल्यावर तिनं पुन्हा चिंध्या भिजवल्या, स्वतः वास घेतला आणि ती कोरी जागा भरली. चुन्याच्या चिंधीचा कांदा गेला होता, पुस्तकात होतं तसाच. खाली दक्षतेच्या रकान्यात तिनं लिहिलं: प्रयोगाआधी वास घेणाऱ्याला वास येतो का, हे विचारून घ्यावे.

वही तपासणाऱ्या बाईंनी त्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. सवितानं ते खोडलं नाही.

भिमाजी त्या सुट्टीनंतर दुसऱ्याच दिवशी शेठकडे गेला होता. कढयांचं सांगितलं, नाकाचं सांगितलं, आणि बोलणं संपेपर्यंत भिकाजीला शेजारी उभं ठेवलं. शेठ ओरडले नाहीत. आधी सांगायचं होतंस, एवढंच म्हणाले आणि पाकावर भिकाजीला घेतलं. भिमाजीला दाराजवळच्या टेबलावर बसवलं, चिक्कीला कागद गुंडाळायला. बायकांनी सरकून त्याला जागा दिली. त्याचे कागद पहिले दोन दिवस वाकडेच बसत.

तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी होती. मागं कढईशी भिकाजीनं थेंब पाण्यात टाकला, गोळी काढली आणि ताटलीत टाकली. ताटली वाजली. भिकाजीनं कढई उतरवायला फडकं उचललं.

"अजून एक उकळी," भिमाजी मान वर न करता म्हणाला.

टेबलावरच्या बायका थांबल्या. भिकाजीनं त्याच्या पाठीकडं पाहिलं, फडकं खाली ठेवलं आणि पाक पुन्हा ढवळला. थोड्या वेळानं त्यानं दुसरी गोळी टाकली. ती टाळासारखी सगळ्या शेडभर वाजली.

भिमाजीनं पुढचा कागद घेतला आणि त्याचा कोपरा सरळ दुमडला.