सतरावा रॅपर

केडगावात पुणे रस्त्याला फ्लेक्स छापायचं एक दुकान होतं. त्याच्या आतल्या खोलीत शाहबाज वेबसाइटी बनवायचा आणि फिजिक्स घेऊन बीएस्सी झालेली धनश्री त्याच्या हाताखाली काम करायची. त्या सोमवारी तिच्याकडे काकासाहेब मुकादमांच्या टोळीच्या यादीचं वेबपान आलं.

मुकादमांची टोळी पाथर्डीकडची, एकेचाळीस कोयत्यांची. कोयता म्हणजे नवरा-बायको. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, जोड्या मोजतात. दसऱ्याआधी हे पान कारखान्याला पाठवायचं, आणि पानावर जो आहे तोच गाडीत बसणार.

गेल्या वर्षी हे पान धनश्रीनंच केलं होतं. प्रत्येक माणसाची एक पेटी: फोटो, नाव, गाव. आधी तिनं सगळ्या पेट्या सुट्या ठेवल्या, तर ओळ संपेल तिथं जोडी तुटायची. नवरा वर, बायको खालच्या ओळीत. मुकादमांचा फोन आला होता, "अगं पोरी, सकाळी सकाळी चार घरं मोडलीस की!" मग तिनं दोन-दोन पेट्यांना बाहेरून एकेक रॅपर घातला. रॅपर स्वतः पानावर काही दाखवत नाही. आतल्यांना एकत्र धरतो, एवढंच.

सतरावा रॅपर तिच्या आईवडिलांचा होता. वडील, भागवत, वैशाखात वारले.

तिनं कोडमधल्या त्यांच्या पेटीच्या पाच ओळी निवडल्या आणि डिलीटचं बटण दाबलं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मीटरचा काटा शून्यावर राहिला की आधी तार लागलीय का ते बघतात, तसं तिनं स्वतःला बघितलं. तार लागलेली होती.

पानावर आईची पेटी पसरून अख्खी चौकट भरून बसली होती. चेहरा रुंद, हनुवटी बसकी. नियम तिचाच होता: आत जेवढे असतील त्यांनी जागा सारखी वाटून घ्यायची. एकच उरलं तर सगळी त्याची. धनश्रीनं पेटीला निम्म्या रुंदीची मर्यादा घातली. आई पुन्हा आईसारखी दिसू लागली, शेजारी पांढरी जागा राहिली.

तिनं पान मुकादमांना पाठवलं. दहा मिनिटांत फोन.

"तुझ्या आईच्या बाजूला मोकळं दिसतंय. तिथं बजरंगला टाक. त्याची बायको माहेरी गेली ती गेलीच. त्योबी अर्धा, तुझी आईबी अर्धी."

"आईला विचारलंत?"

"कागदावरच हाय गं."

"एका कोयत्याला राहायला कोप्या किती मिळतात, मुकादम?"

मुकादम खाकरले. "एकच. पर अर्धा कोयता कारखाना घेत न्हाई, त्याला मी काय करू?"

धनश्रीनं त्याच कॉलवर आईला जोडलं. पुष्पावतीनं सगळं ऐकून घेतलं.

"मी गावात राहून काय करू? भिताडं मोजू?" ती म्हणाली. "मला जायचंय. पर बजरंगसंगं न्हाई."

"मग कोणासंगं, वहिनी?"

"पंकजासंगं. तिचा नवरा दूधगाडीवर लागलाय, ती बी बसूनच हाय. म्या बोललेय तिला."

"दोन बायांचा कोयता? आन् मोळ्या गाडीत कोन भरनार?"

"गेल्या साली ह्यांचा गुडघा गेल्ता. दिवाळीपास्नं मोळ्या कोन व्हात हुतं, मुकादम? तुमी हुता का?"

धनश्री कोरड्या आवाजात म्हणाली, "रॅपरमध्ये दोन पेट्या लागतात. बाई की पुरुष, असं मी त्यात कुठं लिहिलेलं नाही. कारखाना जोडी मोजतो, जोडी दिसेल."

मुकादमांनी पलीकडे कुणाला तरी ट्रॅक्टर बंद करायला सांगितलं.

"टाक," मुकादम म्हणाले. "कारखान्यानं विचारलं तर मी बगतो. पर मोळ्या मागं ऱ्हायल्या तर माज्या नावानं वरडू नका."

"धना," आई म्हणाली, "जेवलीस का?"

"हो." ती जेवली नव्हती.

वडिलांच्या मोकळ्या जागी पंकजाची पेटी चिकटवली असती तर मिनिटाचं काम होतं. धनश्रीनं तसं केलं नाही. यादीच्या शेवटी तिनं नवा रॅपर उघडला, आईची पेटी उचलून त्यात ठेवली, शेजारी पंकजाची. दोघींच्या पेट्या सारख्या रुंदीच्या आल्या. मोबाईलच्या रुंदीत तपासलं. तिथंही नीट, एकीखाली एक.

शाहबाज मागून डोकावला. "सतरा नंबरला भोक का दिसतंय गं?"

"रिकामा रॅपर आहे. आत कोणी नाही, पण कडेनं पॅडिंग आहे, म्हणून जागा धरतोय."

"मग काढ की."

"काढते, शाहबाजभाई."

तो चहा सांगायला बाहेर गेला. धनश्रीनं रॅपर उघडणारी ओळ खोडली, मग बंद करणारी. खालचे सगळे कोयते एकेक घर वर सरकले. तिनं पान सेव्ह केलं आणि कारखान्याला पाठवून दिलं.