तेलाचा पाळणा

मी पाळणा बोलतोय. बाळाचा नव्हे, तेलाचा. माझं खरं नाव फार लांबलचक आहे. ते पाठीवरच्या पट्टीवर कोरलेलंही होतं, पण त्या नावानं मला कधी कुणी हाक मारली नाही. स्टीलची चौकोनी टाकी, तिच्यात कोमट पाणी, पाण्यात काचेच्या नळ्या धरून ठेवणारे स्प्रिंगचे चिमटे, आणि खाली एक मोटर, जी त्या नळ्यांना हळूहळू झुलवते. एवढाच माझा संसार. आता त्यातलं पाणीही गेलं आणि मोटरही गेली. तरी मी रिकामा नाही, आणि ते कसं हे सांगायलाच आज तोंड उघडलंय.

कारखान्यातून निघालो तो थेट तेलबियांच्या प्रयोगशाळेत आलो. खिडकीखालचं टेबल मिळालं. शेजारी हॉटप्लेट होती, भलतीच तापट. सगळी कामं तिच्याकडे, कारण ती झटपट उरकायची.

काम असं होतं. तेलात मेदाम्लं असतात, आणि कुठलं किती आहे ते बघायचं. पण ती तीन-तीन जण हातात हात घालून बसलेली असतात, आणि तपासणीचं मोठं यंत्र असल्या घोळक्याला दारातही उभं करत नाही. म्हणून आधी त्यांचे हात सोडवायचे, प्रत्येकाला मेथॅनॉलची, म्हणजे एका अल्कोहोलची, छोटीशी टोपी घालायची, आणि मगच आत धाडायचं. मग यंत्र कागदावर प्रत्येकाच्या नावाचं एक शिखर काढून देतं. ही सोडवणूक हॉटप्लेटबाई आम्लात उकळून करायच्या. माझ्या वाट्याला काय, तर कुणाची तरी दुधाची बाटली कोमट करणं! आणि माणसांची एक खोड सांगतो. झाकण उघडायला दहा जण येतात, लावायला कुणी थांबत नाही.

मग संशोधन करणाऱ्या बाई आल्या. कामाला नव्या, पण हलक्या हाताच्या. एक दिवस त्यांचे बाबाच पत्र्याचा डबा घेऊन प्रयोगशाळेत आले. ते सुतार होते. खिशात पेन्सिल, बाहीला भुसा. त्यांच्या कारखान्यामागे एक झाड होतं. त्याच्या बियांचं तेल काढून ते लाकडावर घासायचे. ते तेल वाळून असं चकाकायचं की टेबलात तोंड पाहावं. रस्ता रुंद करायला म्हणून लोक आले आणि झाड गेलं. तसं दुसरं झाड बाबांना कुठे दिसलं नव्हतं. उरल्या त्या या डब्यातल्या मूठभर बिया.

बाबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "हा काय पाळणा आणलायस गं इथं?"

"बाबा, ते यंत्र आहे."

"झुलतोय ना? मग पाळणाच." झालं, माझं बारसं उरकलं. जाताना ते म्हणाले, "तुझं काय ते बघून झालं की थोड्या बिया मला ठेव हं. झाड परत लावायचंय."

"ठेवते की," बाई सहज म्हणाल्या.

पहिल्या बियांचं तेल हॉटप्लेटवर गेलं. कागदावर सरळ शिखराऐवजी नुसती उंचवट्यांची खिचडी उमटली. प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांनी नाक मुरडलं. "साधं तेल आहे. जुनं होऊन खराब झालेलं. नाद सोडा."

"सर, बाबांचं टेबल माझ्या लहानपणापासून चकाकतंय. ते साध्या तेलानं?" बाईंना वेगळीच शंका होती. तेलात काहीतरी नाजूक असणार आणि उकळत्या आम्लात तेच मोडत असणार. म्हणून त्या एन्झाइमकडे वळल्या आणि पर्यायानं माझ्याकडे. हे एन्झाइम यायचं मोहरीएवढ्या पांढुरक्या मण्यांवर बसून. ते कोमट पाण्यात, हळूहळू झुलत, तीच सोडवणूक न भाजता, न जाळता करतात. इतकी वर्षं दूध तापवल्यावर मला माझं काम सापडलं. काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण बाईसुद्धा घाईला आल्या होत्या. त्यांनी मेथॅनॉल एकदम नळीत ओतलं. एन्झाइमला तेच हवं असतं आणि तेच जास्त झालं की त्याचा जीव जातो. मी इमानेइतबारे झुलत राहिलो आणि माझ्या कुशीत मणी मरून पडले. पुन्हा एकदा बिया वाया गेल्या.

आता डबा हलवला की आतल्या मोजक्या बियांचा आवाज यायचा. सर म्हणाले, "उरल्यात त्या सगळ्या एकदम कुटा, म्हणजे तेल तरी पुरेसं निघेल." नेमके त्याच आठवड्यात बाबा आले. त्यांनी डबा उघडला आणि बोटानं बिया मोजल्या.

"एवढ्याच?"

बाईंनी वाया गेलेल्या नळ्या दाखवल्या.

"मला झाड हवंय गं. तुला काय हवंय?"

"मला कळायला हवंय, बाबा. तुमच्या तेलात काय होतं ते."

दोघंही माझ्या कडेवर हात टेकून उभे होते. दोन्ही हातांची ऊब मला लागत होती. बिया कुटल्या तर झाड कायमचं संपणार, पेरल्या तर बाईंचा प्रश्न तसाच राहणार. मग बाईंना शेजारच्या खोलीची आठवण झाली. तिथं मोहरीची नवी वाणं तयार करणारे लोक अर्धं बी तपासतात आणि कोंबाकडचं अर्धं पेरतात. "बाबा, अर्धं तुम्हाला, अर्धं मला."

"बी म्हणजे काय फळी आहे, मधून चिरायला?" असं म्हणत का होईना, दुसऱ्या दिवशी बाबा सगळ्यात बारीक पटाशी, लाकूड तासायची छिन्नी, धार लावून घेऊन आले. बाईंनी कोंबाची बाजू दाखवायची आणि बाबांनी उरलेल्या बाजूची चकती उतरवायची, असं एकेक बी झालं.

तेल निघालं थेंबभर. पण या वेळी बाई माझ्याजवळ स्टूल ओढून बसल्या. मेथॅनॉलचा एक थेंब टाकायच्या आणि थांबायच्या, मग पुन्हा थेंब. "घास घास भरवतेस की गं," बाबा हसले. "तू अशीच जेवायचीस."

"थोडं थोडं, बाबा. नाहीतर मरतं ते."

त्या दुपारइतका सुखात मी कधीच झुललो नाही. नंतर बाई तपासणीच्या यंत्राकडून धावतच आल्या. कागदावर एक उंच, सडसडीत शिखर होतं, आजूबाजूला दोन-चार बुटकी. "हे बघा. तुमच्या टेबलाची चकाकी ती ही. हेच वाऱ्यावर वाळून कडक होतं." बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं. सरही कागद घेऊन खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "मी नाद सोडा म्हटलं होतं ना? नका सोडू." माझा जीव भांड्यात पडला.

पेरलेल्या अर्ध्या बियांचं मात्र काही धड होईना. कुंडीमागून कुंडी उपसली तर बी कुजलेलं. त्यातच माझी मोटर जळाली आणि मी भंगाराच्या खोलीत जाऊन पडलो. बाईंनी सरांना विचारून मला तिथून उचललं आणि बाबांच्या कारखान्यात आणलं. बाबांनी मला ठोकून बघितलं. "खाली तोटी आहे, पाणी साचायचं नाही. माती भर यात." शेवटचं अर्धं बी माझ्या पोटात गेलं. बाबा उठल्याबसल्या तांब्या घेऊन यायचे, आणि बाई ओरडायच्या, "बाबा, थोडं थोडं!"

एका सकाळी माती किंचित उचलली गेली. माझ्यात किती नळ्या झुलल्या असतील, पण आतून मला कुणी असं ढकललं नव्हतं.

आता ते रोपटं बाबांच्या छातीला लागलंय. मुळांना जागा पुरत नाही. माझ्या कोपऱ्याचा एक जोड उकललासुद्धा आहे. मागच्या अंगणात खड्डा तयार आहे. आज बाबा पत्रा कापायची करवत घेऊन आले आणि मला बघून तसेच थांबले.

"रोप ओढून निघतंय का बघू. पाळणा कापायला मन होत नाही."

"ओढलं तर मुळं तुटतील, बाबा."

"हो गं. पण यानंच वाढवलंय ना त्याला?"

बाबा, तुम्हाला माझं बोलणं ऐकू येत नाही, तरी सांगतो. आयुष्यभर मी एकच काम शिकलो, नाजूक गोष्ट न मोडता सोडवायची. तेवढं शेवटचं मला करू द्या. त्याला ओढू नका. मला कापा, अगदी सावकाश, थोडं थोडं.